देव चांगला, मग जगात वाईट का? ख्रिस्ती श्रद्धेबद्दलचे काही गैरसमज

सर्वसमर्थ आणि प्रेमळ देवाच्या जगात चार वर्षांच्या लेकराला कॅन्सर का होतो? हा प्रश्न नास्तिकांनी शोधून काढला आणि ख्रिस्ती लोक तो टाळतात, अशी अनेकांची समजूत असते. खरं तर चर्चच्या आतही तो शतकानुशतकं विचारला गेला आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ‘सुम्मा थिओलॉजिका’त ‘देव आहे का?’ हा प्रश्न घेतला, तेव्हा देवाच्या विरोधातला पहिलाच मुद्दा त्याने जगातल्या वाईटाचा मांडला. देवाच्या बाजूचे त्याचे प्रसिद्ध पाच युक्तिवाद त्यानंतर येतात. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथानेही या प्रश्नाला झटपट उत्तर पुरणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही झटपट उत्तरं फिरत राहतात, आणि त्यांतली काही फार क्रूर आहेत.

गैरसमज : दुःख म्हणजे पापाची शिक्षा

हा सगळ्यात पसरलेला आणि माझ्या मते सगळ्यात घातक गैरसमज. ‘मागच्या जन्मीचं भोगतोय’ ही भाषा आपल्या कानांवरून रोज जाते, त्यामुळे ख्रिस्ती धर्मही थोड्या फरकाने तेच सांगत असेल असं वाटतं. काही ख्रिस्ती प्रचारकही पूर आला, साथ आली की लोकांच्या पापांकडे बोट दाखवतात. जुन्या करारात पापाची शिक्षा म्हणून कोसळलेल्या संकटांच्या कथा आहेत, हे नाकारता येत नाही. पण ‘ज्याच्या वाट्याला दुःख, तो पापी’ असा उलटा नियम त्यातून काढायला बायबलच मनाई करतं.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका, असं येशू बजावतो. सगळ्यांनीच पश्चात्ताप करावा, हेही तो त्याच दमात सांगतो. पण मेलेल्यांच्या माथी दोष मारू देत नाही.

या विषयावरचा बायबलमधला मुख्य ग्रंथ ईयोबाचा. बहुतेकांना त्याची सुरुवात आणि शेवट तेवढा ठाऊक असतो. नीतिमान, श्रीमंत ईयोब सगळं गमावतो, तरी देवाला दोष देत नाही, आणि शेवटी त्याला दुपटीने परत मिळतं. एवढ्यावरून ‘ईयोबासारखं सोसा’ असा उपदेश केला जातो. पण मधले जवळपास चाळीस अध्याय वाचले की चित्र पालटतं. राखेत बसून खापरीने अंगावरची गळवं खाजवणारा ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो, खटला चालवायला बोलावतो. सांत्वनाला आलेले अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांनी केलेली ही सर्वांत चांगली गोष्ट. मग ते तोंड उघडतात. देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्या हातून काहीतरी घडलं असणारच, कबूल कर. त्यांची भाषणं ऐकायला धार्मिक आहेत. आजही प्रार्थनासभेत खपून जातील अशी.

शेवटी वादळातून देव बोलतो, ते समुद्राबद्दल, तारकांबद्दल, रानगाढवांबद्दल आणि घोड्यांबद्दल. ईयोबाला दुःख का झालं, हे तो सांगतच नाही. ग्रंथाच्या आरंभी स्वर्गात देवाचं सैतानाशी झालेलं बोलणं वाचकाला कळतं, ईयोबाला ते कधीच कळत नाही. पण एक निवाडा देव देतो. त्याचा राग भडकतो तो अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर, कारण ईयोब देवाविषयी यथार्थ बोलला आणि ते बोलले नाहीत. सात बैल आणि सात एडक्यांचा होम करा, ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करेल, असं त्यांना फर्मावलं जातं. देवाची बाजू घेऊन पीडिताला दोषी ठरवणारे खुद्द देवाकडूनच दोषी ठरतात.

गैरसमज : सैतान हा देवाच्या तोडीचा शत्रू

चांगल्याचा एक देव, वाईटाचा दुसरा आणि दोघांची झुंज, ही मानी पंथाची शिकवण होती. संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षं त्या पंथात होता आणि पुढे त्याचाच कडवा टीकाकार झाला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवून टाकलं की सैतानही देवाने चांगलाच निर्माण केला. तो वाईट झाला स्वतःच्या करणीने. फादर स्टीफन्सच्या, १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या मराठी क्रिस्तपुराणातही देवदूतांच्या पतनाची कथा आहे.

मग देवाने वाईट निर्माण केलं का? ऑगस्टीनचं उत्तर असं की वाईट ही निर्माण केलेली वस्तूच नव्हे, चांगल्याचा झालेला ऱ्हास आहे. जखम बरी होते तेव्हा ती शरीर सोडून दुसरीकडे राहायला जात नाही, नाहीशी होते, हा त्याचाच दाखला. याचा अर्थ वाईट हा भास आहे, असा मात्र नाही. जखम ठणकतेच.

गैरसमज : माणसाला स्वातंत्र्य दिलं, संपला प्रश्न

प्रेम सक्तीने करवून घेता येत नाही, आणि नकार देण्याची मोकळीक असली की वाईट निवडण्याची शक्यता आलीच. हा युक्तिवाद भक्कम आहे. १९५५ मध्ये तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी सर्वसमर्थ, सर्वथा चांगला देव आणि वाईट या गोष्टी तर्कात एकत्र नांदूच शकत नाहीत असं मांडलं. अल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ च्या ‘गॉड, फ्रीडम अँड इव्हिल’मध्ये स्वातंत्र्याच्याच आधारे त्याला उत्तर दिलं. पण प्लँटिंगांचा दावा मर्यादित होता. देवाने वाईट का होऊ दिलं, हे मला माहीत आहे, असं ते म्हणत नव्हते. या दोन गोष्टींत तार्किक विसंगती नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. उपदेशकांच्या तोंडी हा फरक अनेकदा पुसला जातो.

शिवाय भूकंपाला माणसाचं स्वातंत्र्य कसं लावणार? १ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्सचा सण. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, सकाळच्या मिस्सेला चर्च भरली होती. भूकंप झाला, छपरं भाविकांवर कोसळली, मग समुद्र आत घुसला आणि आगी लागल्या. हजारो माणसं गेली. आपलं जग हे शक्य असलेल्या जगांपैकी सर्वोत्तम आहे, असं तत्त्वज्ञ लाइबनिझने १७१० मध्ये लिहिलं होतं. व्होल्तेअरने १७५९ च्या ‘कांदीद’मध्ये त्या आशावादाची चिरफाड केली. मालाग्रिदा हा जेझुइट धर्मगुरू हे लिस्बनच्या पापांचं फळ आहे, असं लिहून-सांगून फिरत राहिला. आणि त्याच पोर्तुगालमध्ये सरकारने धरणी किती वेळ हलली, नंतरचे धक्के किती बसले, अशी प्रश्नावली चर्चच्या पॅरिशांना धाडली. गावोगावच्या धर्मगुरूंनी लिहिलेली ती उत्तरं आजही भूकंपाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात. अलीफजची परंपरा आणि तिला नकार देणारी परंपरा, दोन्ही चर्चमध्ये शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. मला त्या गावोगावच्या धर्मगुरूंची बाजू ख्रिस्ताच्या जास्त जवळची वाटते.

गैरसमज : ख्रिस्ती माणसाने मुकाट सोसावं

स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, किती काळ, तू झोपलास का, असं त्यांत उघड विचारलेलं आहे, आणि ती आजही उपासनेत म्हटली जातात. येशूने क्रूसावरून देवाला तू मला का सोडलंस असं विचारलं, तेही बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या शब्दांत.

ख्रिस्ती उत्तराचा गाभा शोधायचा तर तो या क्रूसापाशी आहे. जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर बाँब पडत होते, तेव्हा विमानविरोधी तोफेवर नेमलेला एक सतरा वर्षांचा मुलगा वाचला. शेजारी उभा असलेला त्याचा मित्र मेला. त्या रात्री त्याने पहिल्यांदा देवाला हाक मारली, आणि ती ‘तू कुठे आहेस?’ अशी. तो मुलगा म्हणजे युर्गेन मोल्टमान. त्यांच्या १९७२ च्या ‘क्रूसावर खिळलेला देव’ या ग्रंथाचं म्हणणं असं की देव दुःखाकडे दुरून पाहत नाही, ते त्याने स्वतःवर घेतलं आहे. पुनरुत्थानावरच्या श्रद्धेमुळे ख्रिस्ती माणूस दुःखाला शेवटचा शब्द मानत नाही. हे स्पष्टीकरण नव्हे, आशा आहे. ती मान्य करायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि ही आशा हातावर हात ठेवून बसायला सांगत नाही. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या. दुष्काळ कोणाच्या पापामुळे पडला, याचा निवाडा करत त्या बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली सोडवून आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून रोगी बरे करत होतं.

एखाद्या घरी आघात झाला असेल, तर तिथे कारण सांगायला जाऊ नका. अलीफज, बिल्दद आणि सोफर पहिले सात दिवस जसे गप्प बसले, तसे जाऊन बसा. आणि ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नावर काय म्हणते हे खरंच जाणून घ्यायचं असेल, तर ईयोबाचा ग्रंथ मराठीत सहज मिळतो. बेचाळीस अध्याय आहेत. मधले गाळू नका.