‘मला घरीं जायचें आहे’

दिवेलागण झाली कीं दादरच्या एका घरांतील आजी पदर सारखा करून दाराशीं येऊन उभ्या राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढें. “मला गिरगांवांत आईकडे जायचें आहे, ट्राम चुकेल,” हा त्यांचा रोजचा धोशा. सूनबाई सुशिक्षित आणि प्रेमळ, खरें तें सांगितलें म्हणजे समजूत पटेल, अशा विश्वासानें त्या म्हणत, “अहो आई, ट्राम १९६४ सालींच बंद झाली, आणि गिरगांवच्या आजींना जाऊन चाळीस वर्षें झालीं.” मग काय होई? आजी आपल्या आईच्या मृत्यूची वार्ता दररोज नव्यानें ऐकत, ओक्साबोक्शीं रडत आणि शेवटीं सुनेच्याच अंगावर धांवून जात.

अशीं घरें थोडीं नाहींत. भारतांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज आहे. तरीही ‘म्हातारपणीं स्वभाव बिघडला’ एवढें म्हणून आपण मोकळे होतों. डॉ. अल्झायमर यांनीं १९०१ सालीं फ्रँकफुर्ट येथें ऑगस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची रुग्ण तपासली. तिच्या आजारांत आरंभींच ठळकपणें दिसला तो पतीविषयींचा संशय. १९०६ सालीं ती वारल्यावर तिचा मेंदू तपासला, तेव्हां त्यांतील ऱ्हास सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट दिसला. ‘माझ्या पाटल्या हिनेंच चोरल्या’ हें वाक्य सुनेच्या काळजाला घरें पाडतें; परंतु तेंही रोगाचेंच बोलणें होय. पाटल्या कोठें ठेवल्या ही ताजी आठवण टिकलेलीच नसते, आणि ती रिकामी जागा मन भलत्याच कारणानें भरून काढतें.

या रोगांत नव्या आठवणी आधीं जातात, बाळपणींच्या बराच काळ राहतात. प्रसंग विसरला तरी त्यानें उठलेली भावना मात्र मागें रेंगाळते. म्हणून वाद जिंकून कांहींच हातीं लागत नाहीं. रागावल्याचें कारण आजी विसरतात, भीति तेवढी उरते.

मग खोटें बोलावें काय? आपल्या घरांतून सत्याची चाड मोठी, म्हणून ही शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु ‘ट्राम येतेच आहे’ असें सांगण्याची गरजच नाहीं. ‘घर’ म्हणजे त्या वेळीं त्यांना हवा असलेला धीर. “आईंची आठवण येते का? त्या तुम्हांला काय करून घालीत?” एवढें विचारून जवळ बसावें. थोड्या वेळानें कापूस पुढें करून वाती वळावयास सांगावें. हाताला मुरलेलें काम बुद्धीच्या पुष्कळ मागाहून जातें. अंधार पडण्यापूर्वींच दिवे लावावे आणि चारच्या सुमारास शिवाजी पार्कावर एक फेरी मारून आणावी. पाटल्यांचा आरोप झाला तर आपली बाजू न मांडतां “चला, दोघी मिळून शोधूं” म्हणावें.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ या चित्रपटांत मोहन आगाशे यांनीं रंगविलेले संस्कृत पंडित असेच भ्रमिष्ट होऊन एका हत्तीमागें निघून जातात. त्यांची विद्वत्ता ठाऊक नसलेली माहुताची बायको त्यांना मुलासारखें सांभाळते. ती त्यांना कांहींच पटवून देत नाहीं, म्हणूनच ते तिच्यापाशीं शांत होतात.

तथापि प्रत्येक गोष्ट रोगावर ढकलूं नये. एकदोन दिवसांतच वागणें एकाएकीं बिघडलें, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, वेदना, अंगांतील पाणी कमी होणें किंवा नवें औषध हें कारण असूं शकतें; त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. शाकाहारी घरांतून बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते. तिची आणि थायरॉईडची तपासणी अवश्य करावी, कारण हीं दोन्ही कारणें उपचारानें सुधारतात. शांत ठेवणारीं औषधें मनानें कधींही देऊं नयेत. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मनोविकारावरील कांहीं औषधांनीं मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००५ सालींच दिला आहे. पदराशीं वा खिशांत नांव आणि दूरध्वनि क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, व निजतांना गॅस मुळाशींच बंद करावा.

आणि एक गोष्ट पुरुषमंडळींस. ‘सूनबाई आहे ना’ एवढ्यावर हा भार सोडूं नका. दिवसरात्र जागणाऱ्या बाईचा धीर एक दिवस सुटतो, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटते. आठवड्यांतल्या कांहीं संध्याकाळीं लेकानें आईजवळ बसलेंच पाहिजे. सल्ल्यासाठीं ज्येष्ठांकरितां १४५६७ हा सरकारी साहाय्य-क्रमांक आहे.

त्या दादरच्या घरीं आजी अजून दाराशीं येतातच. सूनबाई आतां त्यांचा हात धरून जिन्यापर्यंत जातात, गिरगांवच्या गोष्टी ऐकतात आणि बोलत बोलत परत घेऊन येतात. कित्येकदां आजी उंबरठ्यावर थबकून विचारतात, “आलें का घर?” सूनबाई म्हणतात, “आलें.” आणि हें उत्तर खोटें नसतें.