पहिली बाइक घेताय? आधी पाय टेकवून बघा

शोरूममध्ये नजर आधी सीसीवर जाते. तुम्ही मात्र सीटवर बसा. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का? नवशिक्याचा तोल बहुधा सिग्नलला किंवा यू-टर्न घेतानाच जातो.

स्प्लेंडरचं वजन साधारण ११२ किलो, क्लासिक ३५० चं १९५. ऐटीत क्लासिकच भारी! पण मागे आई बसलेली असताना चढावर थांबावं लागलं, की हा फरक कळतो. इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलून बघा. दमलात, तर ती तूर्त नको.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइकला एबीएस बंधनकारक आहे. घाबरून ब्रेक दाबला तरी किमान पुढचं चाक लॉक होत नाही. आयएसआय मार्कच्या हेल्मेटचे पैसे मात्र बजेटमधून आधीच बाजूला काढा, मागे बसणाऱ्याच्याही.