बुरशीचे बळ तिच्या टोकाला

देऊळगाव राजा तालुक्यात हरभरा फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास शेतात मधूनमधून वाळलेल्या झाडांची ठिगळे दिसू लागली, की ‘मर लागली’ हे सांगायला कृषी अधिकाऱ्याची गरज पडत नाही. पाने हिरवी असतानाच झाड मान टाकते. खोड उभे चिरले, तर आतील जलवाहिन्या काळपट तपकिरी पडलेल्या आढळतात. ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ या बुरशीचा हा प्रताप. तिची भावंड ‘फ्युजेरियम उडम’ तुरीचा घास घेते. तुरीच्या मरीचे वर्णन ई. जे. बटलर यांनी १९०६ मध्येच करून ठेवले आहे. तरीही मर आजही शेतात ठाण मांडून आहे. दात नाहीत, नखे नाहीत, अशी ही नाजूक बुरशी मुळात शिरते तरी कशी?

काही काम विकरे करतात. ती मुळाच्या भिंती विरघळवतात. उरलेले काम पाण्याच्या दाबाचे. बुरशीचा तंतू म्हणजे केसाहूनही बारीक नळी. आपल्या पेशीत क्षार व ग्लिसेरॉलसारखी द्रव्ये साठवून ती बाहेरचे पाणी आत ओढते. पेशीभित्तिका पाण्याला फुगू देत नाही, म्हणून आत दाब तयार होतो. यालाच स्फीतिदाब म्हणतात. जळालेल्या उसाच्या बुडख्यांवर नारिंगी पूड धरणारी ‘न्यूरोस्पोरा’ ही प्रयोगशाळांची लाडकी बुरशी. तिच्यातील दाब चार ते पाच वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे दुप्पट भरतो. पूर्व विदर्भातील धानावर करपा आणणाऱ्या बुरशीने तर कहर केला आहे. पानावर चिकटलेल्या तिच्या विशिष्ट पेशीत सुमारे ८० वातावरणांचा दाब मोजला गेला. (लोणच्यातील मिठाचे मर्मही हेच. बाहेर मीठ भरपूर असले, की बहुतेक बुरशांना पाणी ओढता येत नाही.)

पण दाब तर नळीत सर्वत्र सारखाच असतो. मग तंतू फक्त टोकालाच का वाढतो? इथे कॅल्शियमचा संबंध येतो. वाढत्या टोकाशी कॅल्शियमचे प्रमाण जास्त असते आणि काही मायक्रॉन मागे गेले, की ते झपाट्याने घटते. हा चढउतार पुसून टाकला, तर वाढ थांबते. नव्या भित्तिकेचा माल घेऊन येणाऱ्या सूक्ष्म पुटिका कुठे रित्या व्हाव्यात, याचा इशारा कॅल्शियम देतो. भित्तिका तिथेच ताजी व मऊ असते, म्हणून दाबापुढे ती तिथेच नमते.

हे कॅल्शियम येते कुठून, यावर बराच काथ्याकूट झाला. पेशीपटलात ताण पडताच उघडणारी दारे असतात. त्यांना कॅल्शियम चॅनेल म्हणतात. दाबाने टोक ताणले, की दार उघडते आणि बाहेरचे कॅल्शियम आत येते, हे उत्तर सुटसुटीत होते. पाणबुरशांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी जुळलेही. न्यूरोस्पोरात मात्र ही दारे बंद केली तरी वाढ चालूच राहिली! टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील लोरेलाय सिल्व्हरमन-गाव्ह्रिला व रॉजर ल्यू यांनी २००२ मध्ये दाखवले, की तिथे कॅल्शियम बाहेरून नव्हे, तर टोकाजवळच्या आतल्या पुटिकांतून, आयपी-३ नावाच्या रेणूने उघडणाऱ्या दारांतून सुटते. निसर्गाने एकाच कामासाठी दोन वाटा काढल्या आहेत.

हा भेद पुस्तकी नाही. देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटोचे बीजोत्पादन होते. तिथे वाफ्यातील रोपे कोलमडवणारी ‘पिथियम’ ही पाणबुरशी. खऱ्या बुरशांशी तिचे नाते फार दूरचे. तिच्या भित्तिकेत कायटिनऐवजी मुख्यतः ग्लुकन व सेल्युलोज असते. कार्बेन्डाझिमही तिच्यापुढे निष्प्रभ ठरते. त्याचे कारण मात्र निराळे.

ज्या दाबावर बुरशी जगते, तोच तिच्यावर उलटवता येतो. ट्रायकोडर्मा फ्युजेरियमच्या तंतूला वेटोळे घालते आणि कायटिन विरघळवणारी विकरे सोडते. भित्तिका कमजोर झाली, की आतला दाबच तंतू फोडतो. फ्लुडिऑक्सोनिल हे बुरशीनाशक दुसऱ्या बाजूने तेच साधते. ते बुरशीच्या दाब सांभाळणाऱ्या यंत्रणेला चुकीचा इशारा देते, ग्लिसेरॉल साठत जाते आणि पेशी फुगून फुटते.

परंतु हे सारे पेरणीच्या आधी, बियाण्यावर आणि मातीत घडले तरच. तंतू एकदा जलवाहिनीत शिरला, की पानांवरची फवारणी म्हणजे खर्चाची भर. हरभरा नसला तरी ही बुरशी जमिनीत सुमारे सहा वर्षे तग धरते. म्हणून ‘विजय’, ‘दिग्विजय’, ‘जॅकी ९२१८’ यांसारखे मरीला दाद न देणारे वाण, पिकांचा फेरपालट आणि बीजप्रक्रिया, हाच खरा उपाय. बीजप्रक्रिया करताना कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकाच बियाण्याला चोळू नये. ट्रायकोडर्माही बुरशीच आहे. कार्बेन्डाझिम तिलाही मारते.