हृदय डावीकडे नाही, तिरकं असतं

छाती फाडून राम-सीता दाखवणाऱ्या हनुमानाचं कॅलेंडर आपल्यापैकी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या भिंतीवर पाहिलंय. ते काढणाऱ्यांनी शरीरशास्त्र वाचलं होतं की नाही कोण जाणे, पण छेद मात्र ते अचूक मध्यावर दाखवतात. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी सर्जनही बहुतेक वेळा तिथूनच आत जातात. आपण मात्र ‘हृदय कुठे?’ म्हटलं की डाव्या छातीवर हात ठेवतो.

खरं तर हृदय असतं मध्ये, छातीच्या मधल्या चपट्या हाडामागे, दोन फुप्फुसांच्या बेचक्यात. त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे कललेला असतो, उरलेला उजवीकडे. खालचं निमुळतं टोक डावीकडे, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत छातीच्या भिंतीला टेकतं. धडधड तिथे हाताला लागते, म्हणून अख्खं हृदयच तिथे आहे असं वाटतं.

दुसरा घोळ शाळेच्या आकृतीने केलाय. दोन खोल्या वर (कर्णिका), दोन खाली (जवनिका), मध्ये सरळ भिंत. जणू चाळीतली बिऱ्हाडं. खरं हृदय तिरकं तर असतंच, शिवाय स्वतःभोवती थोडं वळलेलंही असतं. त्यामुळे ‘उजवी’ जवनिका प्रत्यक्षात पुढे येते आणि ‘डावी’ कर्णिका पाठीमागे, अन्ननलिकेला चिकटून जाते. म्हणूनच झडपा नीट पाहायच्या असतील तर डॉक्टर तोंडातून अन्ननलिकेत नळी सोडून सोनोग्राफी करतात. समोरून भोसकलं गेल्यावर सर्वांत आधी उजवी जवनिका सापडते, तीही याच कारणाने. 1896 मध्ये फ्रँकफुर्टला लुडविग रेन यांनी चाकूने जखमी झालेल्या एका तरुणाच्या हृदयाला रेशमी धाग्याचे टाके घातले आणि तो वाचला. तेव्हा भोक पडलं होतं ते याच कप्प्याला.

‘बरगड्या तोडाव्या लागल्या हो त्यांच्या,’ हे वाक्य बायपास झालेल्या माणसाला भेटून आलेले नातेवाईक हमखास सांगतात. मध्यावरून जाताना बरगड्यांना करवत लागत नाही. उभं चिरलं जातं ते मधलं हाड. बरगड्यांच्या वरच्या सात जोड्या कूर्चेने या हाडाला जोडलेल्या असतात, त्यामुळे हाडाचे दोन भाग फाकवले की दोन्ही बाजूंचा पिंजरा दारासारखा उघडतो. नंतर पाठीत आणि खांद्यांत दुखतं ते बरेचदा या ताणण्यामुळे. शेवटी हाड स्टीलच्या तारांनी आवळतात. त्या तारा जन्मभर आत राहतात आणि एक्स-रेमध्ये दिसतात. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याची बादली उचलू देत नाहीत ती हाडासाठी, हृदयासाठी नव्हे.

आता खुद्द बायपासकडे वळू. गैरसमजांची खरी गर्दी इथेच आहे. पहिला गैरसमज असा की हृदय उघडून आतलं ब्लॉकेज साफ करतात. बायपासमध्ये ना हृदय उघडतात, ना ब्लॉकेज काढतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, चरबीच्या थरात पसरलेल्या असतात. चोवीस तास रक्ताने भरलेल्या अवयवाला बाहेरून पुरवठा कशाला हवा, असं कुणी विचारेल. पण त्याची भिंत जाड असते. आतल्या रक्तातून तिची भूक भागत नाही. शिवाय आकुंचनाच्या वेळी ती स्वतःच्याच वाहिन्या दाबते, त्यामुळे डाव्या जवनिकेच्या भिंतीला बहुतेक रक्त मिळतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात.

अडथळा आहे तिथेच ठेवून त्याच्या पुढे नवी वाट जोडायची, एवढंच सर्जन करतात. ती वाहिनी असते जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची आणि धागा केसाइतका बारीक. अशा चार वाटा जोडल्या की घरचे सांगतात, ‘चार बायपास झाल्या.’ ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस चार वेळा टेबलावर गेला.

‘पायातली नस काढली, आता पाय अधू होणार,’ हीही भीती असते. काढतात ती घोट्याच्या आतल्या बाजूने मांडीपर्यंत जाणारी, त्वचेखालची नीला. पायातलं बहुतेक रक्त खोलवरच्या नीलांमधून परततं, त्यामुळे हिच्यावाचून अडत नाही. काही दिवस सूज राहते, क्वचित जखम त्रास देते. या नीलेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून हृदयावर ती उलटी करून जोडावी लागते. हे विसरलं तर नवी वाट पहिल्याच मिनिटाला बंद.

त्याहून सरस वाहिनी छातीतच असते. मधल्या हाडाच्या कडेला, पिंजऱ्याच्या आतून एक रोहिणी खाली उतरते. तिचं वरचं टोक जागेवर ठेवून खालचं सोडवायचं आणि हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडायचं. दहा वर्षांनी पाहिलं तर यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक उघड्या असतात, पायातल्या नीला मात्र बऱ्याच बुजलेल्या सापडतात. मला तर वाटतं, ही रोहिणी निसर्गाने सर्जनसाठीच हाताशी ठेवली असावी.

रोहिणी म्हणजे तांबडी आणि नीला म्हणजे निळी. नावं सुंदर आहेत, पण फसवी. निळं रक्त कुणाच्याच अंगात नसतं. ऑक्सिजन कमी झाला की ते फक्त गडद लाल होतं. ‘रोहिणीत शुद्ध, नीलेत अशुद्ध’ हे पाठांतर तर फुप्फुसांपाशी सपशेल उलटतं.

‘बाळाच्या हृदयाला छिद्र आहे’ म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर गळकी पिशवी येते. हे छिद्र बाहेरच्या भिंतीला नसतं, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असतं. वरच्या पडद्यातली एक फट तर जन्माआधी प्रत्येकालाच असते, आणि सुमारे चारांतल्या एका प्रौढात ती पूर्ण मिटलेली नसते. खालच्या पडद्यातलं छिद्र बुजवणं मात्र नाजूक काम. हृदयाचे ठोके पोचवणारे तंतू अनेकदा त्या छिद्राच्या मागच्या-खालच्या कडेला लागून जातात आणि डोळ्यांना ते दिसत नाहीत. जपानचे सुनाओ तावारा यांनी 1906 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा माग काढून ठेवला होता. तरी 1950च्या दशकात मिनियापोलिसमध्ये वॉल्टन लिलेहाय अशी छिद्रं बुजवू लागले तेव्हा काही मुलांच्या टाक्यात हे तंतू सापडत आणि ठोके मंदावत. त्या मुलांना भिंतीतल्या विजेवर चालणारी यंत्रं जोडत. 1957 मध्ये शहरातली वीज गेली, आणि पुढच्या काही आठवड्यांत अर्ल बॅकन नावाच्या दुरुस्ती कारागिराने गॅरेजमध्ये बॅटरीवरचा पेसमेकर बनवून दिला. आज कुणाच्या कॉलरबोनखाली पेसमेकर असेल, तर त्याची कहाणी अशा एका टाक्यापर्यंत मागे जाते.

राहता राहिलं प्रत्यारोपण. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. ‘जुनं हृदय पूर्ण काढून नवं बसवतात,’ हे त्या काळी रूढ झालेल्या पद्धतीला तंतोतंत लागू नव्हतं. हृदयात येणाऱ्या नीला असतात सहा: चार फुप्फुसांकडून, दोन शरीराकडून. त्या एकेक जोडण्याऐवजी जुन्या कर्णिकांची मागची भिंत तशीच ठेवत आणि नवं हृदय तिलाच शिवत. जोड फक्त चार.

मज्जातंतू मात्र जोडता येत नाहीत. तरी नवं हृदय धडधडतं, कारण ठोका मुळात त्याचा स्वतःचाच असतो. वाईट बातमी ऐकली की आपल्या काळजात तत्क्षणी धस्स होतं, ते मेंदूकडून येणाऱ्या तंतूंमुळे. नव्या हृदयापर्यंत ती बातमी ॲड्रेनॅलिन पोचवतं, रक्तातून. सुरुवातीच्या काळात तरी या माणसांचं काळीज काही मिनिटं उशिरा धडधडू लागतं.