वेगाचा पाया

हौशी धावपटूंच्या मनात अशी एक समजूत घट्ट रुजलेली असते की, ज्याला वेग वाढवावयाचा आहे त्याने रोजच जीव तोडून धावावे, आणि कालच्यापेक्षा आज काही सेकंद वाचले नाहीत तर दिवस फुकट गेला असे मानावे. या समजुतीपायी कितीतरी उत्साही माणसे महिना-दीड महिन्यातच पिंडऱ्या धरून बसतात आणि आपल्या अंगी मुळात गतीच नाही, असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन मोकळी होतात. हा निकाल किती अन्यायाचा असतो, हे न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या आर्थर लिडियार्ड या गृहस्थाने जितक्या निर्विवादपणे दाखवून दिले, तितके क्वचितच कोणी दाखविले असेल.

लिडियार्ड पादत्राणांच्या कारखान्यात काम करीत असे. एका स्नेह्याबरोबर काही मैल धावताना झालेली दमछाक मनाला लागली, आणि पुढे कित्येक वर्षे त्याने स्वतःच्याच देहावर प्रयोग करून, कोणत्या अंतराने शक्ती वाढते व कोणत्या वेगाने ती खचते याचा चोख हिशेब ठेवला. त्याच्याभोवती जमलेली मुले बहुतेक आसपासचीच होती. त्यांना तो आठवड्याला सुमारे 100 मैल धावावयास लावी. 800 मीटरच्या शर्यतीची तयारी करणारा पीटर स्नेलदेखील रविवारी वायाटारुआच्या डोंगराळ रस्त्यावरील 22 मैलांच्या फेरीतून सुटत नसे. जाणत्यांना हा प्रकार विक्षिप्त वाटला. परंतु 2 सप्टेंबर 1960 रोजी, रोमच्या ऑलिंपिकमध्ये, एकाच दिवशी स्नेलने 800 मीटरचे आणि डावा हात दुखापतीने कायमचा अधू झालेल्या मरे हॅलबर्ग या लिडियार्डच्याच शिष्याने 5000 मीटरचे सुवर्णपदक जिंकले; पुढे बॅरी मॅगी या त्याच्या आणखी एका शिष्याने मॅरेथॉनचे कांस्यपदकही मिळविले.

यामागील कारण शरीराच्या घडणीत आहे. दीर्घकाळ, बेताच्या गतीने धावल्याने हृदय एकेका ठोक्यासरशी अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते; परिणामी पूर्वी ज्या वेगाला धाप लागत असे, तोच वेग सुसह्य होतो. हाडे व स्नायुबंध मात्र हृदयाच्या मानाने सावकाश बळकट होतात, आणि घाईला नेमका येथेच दंड भरावा लागतो. हा पाया पक्का झाल्यावरच लिडियार्ड चढणीवरच्या धावा देई, त्यानंतर काही आठवडे मधूनमधून विसावा घेत वेगाच्या धावा, आणि अखेरीस शर्यत जवळ आली की श्रम कमी करून ताजेपणा राखण्याची तजवीज.

नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्याने त्याचे आकडे उचलू नयेत. उचलावयाचा तो क्रम. 100 मैलांच्या जागी 20 मैल असले तरी चालतील, पण पाया आधी आणि वेग मागाहून, हा शिरस्ता मोडू नये. गती बेताची आहे की नाही, हे ठरविण्यास यंत्र नको: सोबत्याशी अखंड वाक्य बोलता येत असेल तर ती योग्य, शब्द तुटू लागले तर अधिक.

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी ज्यांनी कंबर कसली असेल, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, पहिले दहा-बारा आठवडे त्यांनी घड्याळाशी स्पर्धा करू नये, आठवड्यातील एक दिवस लांब पल्ल्यासाठी व एक पूर्ण विश्रांतीसाठी राखून ठेवावा, आणि पिंडरी दुखू लागली तर त्या दिवशी निःसंकोचपणे घरी बसावे.