पाणी किती आणि पाणी कसं

हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस मोजायचा, माणसां-जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग पिकं ठरवायची. पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात रुजलेली ही शिस्त. पण हा झाला ‘किती’चा हिशेब. ‘कसं’ हे सांगायला रसायनशास्त्र लागतं.

ते शिकायची सोय जवळच, नगर (आताच्या अहिल्यानगर) शहरात आहे. अहमदनगर कॉलेज तर १९४७ सालचं.

बेसॉल्टच्या काळ्या कातळातून पाझरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतं. मग साबणाला सहज फेस येत नाही, पाणी ‘कठीण’ होतं. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत हेच काठिण्य मोजतात. नमुन्यात पीएच १० राखणारं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंग बदलणारं सूचक घालायचं, ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. लालसर रंग निळा झाला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तरी आकडा चुकतो, आणि इथे भल्याभल्यांचा हात चुकतो! पाठांतरावर निभावणाऱ्यांची खरी परीक्षा हीच.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचं काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. नायट्रेटला मात्र ४५ मिलिग्रॅमच्या पुढे सवलत नाही.