मालक फोनवर आहेत!

ओकलंडच्या कोलिझियम स्टेडियममध्ये १९७०च्या दशकात एक शाळकरी पोरगा सामना बघत फोनवर अखंड बडबडत असायचा. पिचरने काय टाकलं, कोण बाद झालं, कोण दुसऱ्या बेसवर पोचलं, सगळं जसंच्या तसं. पलीकडे शिकागोत कानाला रिसीव्हर लावून बसलेले असायचे चार्ली फिनली. धंदा विम्याचा आणि मालकी ओकलंड ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाची. स्टेडियमबाहेर पार्किंगमध्ये नाचणाऱ्या या पोराला त्यांनीच हेरलं, कामाला ठेवलं आणि वर ‘उपाध्यक्ष’ असा भारदस्त हुद्दाही देऊन टाकला. क्लबहाउसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खोलीत, मात्र त्याचं नाव पडलं ‘पाइपलाइन’. आत कोण काय कुजबुजलं तेही याच्यामार्फत शिकागोला पोचतं, अशी सगळ्यांची खात्री होती. ‘हॅमर’ म्हणून ओळखला जाणारा फलंदाज हँक आरॉन याच्यासारखा दिसतो म्हणून त्याला आणखी एक नाव मिळालं, हॅमर. पुढे ‘एमसी हॅमर’ म्हणून जगभर गाजलेला रॅपर तो हाच.

ओकलंडने दोन चिक्कू मालक पाहिले. पहिला सतत डोक्यावर बसायचा, दुसरा नजरेसच पडायचा नाही. या संघाच्या चाहत्याला विचाराल, तर पहिला परवडला.

मिशीचे तीनशे डॉलर

१९७२च्या सराव शिबिरात रेजी जॅक्सन हा संघाचा हिरो मिशी ठेवून आला. तेव्हाच्या बेसबॉलमध्ये मिशी म्हणजे बेशिस्तच. फिनलींनी शक्कल लढवली. बाकीच्यांनाही मिश्या वाढवायला सांगू, म्हणजे रेजीची ऐट उतरेल आणि तो आपणहून भादरून टाकेल. झालं उलटंच. मालकांनाच मिश्या आवडल्या आणि त्यांनी मिशीमागे तीनशे डॉलर लावले. रोली फिंगर्स या पिचरच्या पीळदार मिश्या जगप्रसिद्ध झाल्या त्या या तीनशे डॉलरांमुळे. त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सीरीज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली, नंतर १९७३ आणि १९७४लाही.

पण हाच माणूस १९७३च्या वर्ल्ड सीरीजमध्ये काय करून बसला पाहा. दुसऱ्या सामन्याच्या बाराव्या इनिंगमध्ये माइक अँड्र्यूजच्या हातून दोन चुका झाल्या आणि सामना गेला. फिनलींनी त्याच्याकडून ‘माझा खांदा दुखावला आहे’ अशा कागदावर सही घेतली आणि त्याला संघाबाहेर काढलं. क्लबहाउस पेटलं. सरावाला उतरताना सहकाऱ्यांनी चिकटपट्टीवर १७ हा त्याचा नंबर लिहून अंगावर लावला. बेसबॉलचे कमिशनर बोवी कुन यांनी अँड्र्यूजला परत घ्यायला लावलं. तो न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये फलंदाजीला आला, तेव्हा प्रतिस्पर्धी मेट्सचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. खेळाडूची चूक कुठली आणि मालकाचा माज कुठला, हे गॅलरीला बरोबर कळतं. मालिका जिंकूनही मॅनेजर डिक विल्यम्स यांनी राजीनामा दिला.

विमावाल्याचा विमा

फिनलींचं साम्राज्य कोसळलं तेही विम्यापायी! कॅटफिश हंटर या पिचरच्या १९७४च्या करारात निम्मे पैसे, म्हणजे ५० हजार डॉलर, विमा कंपनीच्या वार्षिकीत भरायचे ठरले होते. करसवलत मिळत नाही म्हटल्यावर फिनलींनी ते भरलेच नाहीत. लवादाने करार मोडल्याचा निकाल दिला, हंटर मोकळा झाला आणि यँकीज संघाने त्याला तीस लाखांहून अधिक डॉलर मोजले. ५० हजार वाचवायला गेले आणि हिरा हातचा गेला. मग १९७६मध्ये फिनलींनी वायडा ब्लू, फिंगर्स आणि जो रूडी या खेळाडूंना एका दमात ३५ लाखांना विकायला काढलं. कुननी तो सौदा रद्द केला, पण पुढच्या काही मोसमांत संघ रिकामा झालाच.

१९७९ साली ॲथलेटिक्स १०८ सामने हरले. १७ एप्रिलच्या सामन्याला अधिकृत प्रेक्षकसंख्या होती ६५३. पन्नास हजारांच्या कढईत ६५३ शेंगदाणे! आणि त्या दिवशी संघ चक्क जिंकला. त्याच उन्हाळ्यात ओकलंडच्या गल्ल्यांत वाढलेला रिकी हेंडरसन नावाचा विशीतला पोरगा पहिल्यांदा संघातून खेळला. पुढे बेसबॉलच्या इतिहासात सर्वांत जास्त बेस त्यानेच चोरले.

एक जीन्सवाला, एक गॅपवाला

१९८०मध्ये संघ विकत घेतला वॉल्टर हास यांनी. हास म्हणजे लीवाय स्ट्रॉस जीन्सचं घराणं. त्यांनी हात सैल सोडला. १९८९ला संघाने वर्ल्ड सीरीज जिंकली, १९९०च्या मोसमात २९ लाख लोक कोलिझियममध्ये आले. त्या काळातला एक किस्सा क्लबच्या हिशेबनिसांचा म्हणून सांगतात. दहा लाख डॉलरचा ताळमेळ काही केल्या लागेना. शोध घेतला तर रिकीने दहा लाखांचा चेक वटवलाच नव्हता, फ्रेम करून घरात लावला होता.

योगायोग बघा, नंतरचा एक मालकही सॅन फ्रान्सिस्कोच्या कपडेवाल्या घराण्यातलाच, ‘गॅप’च्या संस्थापकांचा मुलगा जॉन फिशर. २००५मध्ये तो भागीदार म्हणून आला, २०१६पासून सूत्रं पूर्ण त्याच्या हाती. या काळात नव्या स्टेडियमच्या जागेची वरात गावोगाव फिरली. आधी फ्रीमाँट. आज तिथे मराठी घरं भरपूर आहेत, पण संघ काही आला नाही, २००९मध्ये तो बेत बारगळला. मग सॅन होझे, तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघाने हद्दीचा हक्क सांगितला. मग ओकलंडमधलंच लेनी कॉलेज, मग बंदरावरचं हॉवर्ड टर्मिनल.

दरम्यान जुन्या कोलिझियमची दशा झाली. जून २०१३मध्ये मैलापाणी क्लबहाउसमध्ये शिरलं आणि दोन्ही संघांना वरच्या मजल्यावर फुटबॉलवाल्यांच्या खोलीत आंघोळीला जावं लागलं. २०२३मध्ये पाहुण्या समालोचकांच्या खोलीत पोसम नावाच्या एका रानटी प्राण्याने बिऱ्हाड थाटलं. मेट्सच्या टीव्हीवाल्यांनी निमूटपणे दुसरी खोली धरली. पोसमला बाहेर काढण्याची घाई कुणालाच दिसत नव्हती.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र व्यवस्थापन भलतंच तत्पर. मार्कस सिमियन हा याच खाडीकाठचा पोरगा, २०१९मध्ये सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा आलेला. २०२०नंतर त्याला जाऊ दिलं. पुढच्याच वर्षी टोरोंटोकडून त्याने ४५ होमरन मारले. मॅट ओल्सनला अटलांटाला पाठवलं, तिथे २०२३मध्ये त्याचे ५४ झाले. करोनाकाळात खालच्या श्रेणीतल्या पोरांचा आठवड्याचा चारशे डॉलरचा भत्ताही बंद करायचं ठरलं. ओरड झाली, तेव्हा फिशरने माघार घेतली. चाहत्यांच्या मनात हा भत्ता कुठल्याही पराभवापेक्षा खोल रुतून बसला आहे.

‘विका!’

एप्रिल २०२३मध्ये संघ लास व्हेगासला नेण्याचा घाट जाहीर झाला. मैदानावर धूळधाण, जूनच्या सुरुवातीला १२ विजय आणि ५० पराभव. मालकाचं पालुपद एकच, लोक येत नाहीत. मग लोकांनी ठरवलं, येऊन दाखवू. बहिष्काराचा उलटा प्रकार. १३ जूनला नेहमीच्या तुरळक गर्दीच्या जागी २७,७५९ लोक आले. वर्गणी काढून छापलेले हिरवे टी-शर्ट फुकट वाटले गेले, त्यावर एकच शब्द, ‘विका’. ढोलवाले उजव्या बाजूच्या बाकांवर जमले. पाचव्या इनिंगला सगळं मैदान आधी गप्प राहिलं, मग एका सुरात ‘संघ विका’चा गजर सुरू झाला. समोर टँपा बेचा त्या वेळचा अव्वल संघ होता. त्या रात्री ॲथलेटिक्स २–१ने जिंकले, सलग सातवा विजय! खेळाडूंवर राग नव्हताच. खेळाडूंना आवाज हवा होता, तो मिळाला. त्याच दिवशी नेव्हाडाच्या सिनेटने व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरच्या सरकारी पैशाला हिरवा कंदील दाखवला.

मोसम संपला ११२ पराभवांवर. त्यानंतर ट्रेव्हर मे हा पिचर निवृत्त झाला आणि जे गॅलरी वर्षभर ओरडत होती, तेच त्याने जाहीरपणे फिशरला ऐकवलं, संघ विकून टाका. क्लबहाउसच्या भिंतीआड काय शिजत होतं, ते पहिल्यांदा उघड्यावर आलं.

२६ सप्टेंबर २०२४ला कोलिझियममध्ये शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षक, समोर टेक्सास, म्हणजे सिमियनचाच नवा संघ. ॲथलेटिक्स ३–२ने जिंकले. मॅनेजर मार्क कॉट्सी माइक घेऊन मैदानात उभे राहिले, लोकांचे आभार मानले आणि ‘लेट्स गो ओकलंड’चा गजर स्वतः सुरू केला. मालकाकडून मात्र त्याच आठवड्यात आलं होतं एक पत्र. आम्ही प्रयत्न केला, असं त्यात म्हटलं होतं. फिनली निदान ओरडायला तरी फोन करायचे!

ॲथलेटिक्स आता सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानात व्हेगासची वाट बघत आहेत, नावापुढे कुठलंही शहर न लावता. ओकलंडकरांनी मात्र ‘बॉलर्स’ नावाचा छोटा स्वतंत्र संघ जवळ केला. त्याचे काही शेअर चाहत्यांनीही विकत घेतले आणि २०२५मध्ये या संघाने पायोनियर लीगही जिंकली. एकच अडचण झाली आहे. उद्या बॉलर्स हरायला लागले, तर ‘संघ विका’ म्हणून ओरडायचं कुणाच्या नावाने? मालक तर गॅलरीतच बसलेत, हॉटडॉग खात.